वीतभर उंचीवरचा कॅमेरा

सातपूरच्या एका कंपनीत टूलरूममध्ये माझी तेहेतीस वर्षं गेली. पत्र्याच्या जाडीतला केसभर फरक मी बोटाने ओळखायचो, आणि समोरचा "असं कसं हो?" म्हणाला की मायक्रोमीटर त्याच्याच हातात द्यायचो. ही बढाई आहे का? आहे. या वयात मी नाही मारायची तर कुणी मारायची?

निवृत्त झाल्यावर घरी बसवेना. बायको म्हणाली, "तुम्ही दिवसभर माझ्या डब्यांना लेबलं चिकटवत बसणार असाल तर मी माहेरी जाते." तिचं बरोबर होतं, तीन फळ्यांवरच्या डब्यांना चिकटवून झाली होती. मग मी एका मित्राच्या छोट्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसायला लागलो. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, चहाची किटली आणि भांडायला आम्ही दोघं. तिथे एक दिवस पाठीवर सॅक लावलेली एक मुलगी आली. वन्यप्राण्यांवर संशोधन करते म्हणाली. तिला कॅमेऱ्यांसाठी लोखंडी पेट्या करून हव्या होत्या, कारण कॅमेरे जंगलात झाडाला बांधून ठेवायचे असतात आणि माकडं ते उचकटतात.

तिने एक कॅमेरा टेबलावर ठेवला. जेवणाच्या डब्याएवढा, हिरवट-तपकिरी ठिपक्यांचा. "याला कॅमेरा ट्रॅप म्हणतात," ती म्हणाली, "मागे माणूस लागत नाही. समोरून गरम अंगाचं काही हललं की सेन्सरला कळतं आणि फोटो निघतो." मी म्हटलं, "हात्तिच्या! असले सेन्सर आमच्या कंपनीतल्या प्रेस मशीनवर होते की." मग तिने जंगलात कॅमेरे कसे बांधतात त्याचे फोटो मोबाइलवर दाखवले. सगळे तिरके. एकही सरळ नाही. माझं डोकंच सटकलं. तिच्यादेखत मी तिच्या कामातल्या सात चुका काढल्या. ती रागावली नाही, म्हणाली, "काका, एकदा येऊन बसवून दाखवा ना." तिने गंमतीत म्हटलं असणार. मी गेलो तो गेलोच. पुढे सगळे तिला मॅडम म्हणायचे म्हणून मीही मॅडम म्हणायला लागलो, जरी ती माझ्या धाकट्या लेकीपेक्षा लहान होती.

नाशिकच्या पश्चिमेला डोंगर सुरू होतात, भात आणि नागलीचा, म्हणजे नाचणीचा, मुलूख. पेठ म्हणा, सुरगाणा म्हणा. नेमकं गाव मी सांगणार नाही, आणि जे ओढे-वळणं इथे लिहिली आहेत ती मुद्दाम इकडची तिकडे केली आहेत. का, ते पुढे कळेल. गावाजवळ एक देवराई होती, देवाच्या नावाने राखलेलं रान, तिथली वाळकी काटकीही कुणी उचलत नाही. त्या देवराईत आणि आजूबाजूला कोणकोणते प्राणी आहेत ते कॅमेरे लावून शोधायचं, हे मॅडमचं काम. दिवाळीनंतर कॅमेरे लावायचे आणि उन्हाळा तापायच्या आत काढून पुढच्या डोंगरात न्यायचे, असं ठरलेलं होतं.

मी आठवड्यातून एकदा जायचो आणि दोन-तीन दिवस राहायचो. एसटीने तालुक्याला, तिथून जीपने गावात. जीप म्हणजे दहाच्या जागेत अठरा माणसं आणि टपावर कोंबड्या.

आमच्याबरोबर वाट दाखवायला गावातलीच एक बाई होती. चाळिशीची, किडकिडीत, डोईवर पदर आणि पायात लाल प्लास्टिकच्या चपला. एरवी या दिवसांत ती नवऱ्याबरोबर द्राक्षांच्या कामाला दिंडोरीकडे जायची. या वर्षी हे काम मिळालं म्हणून मागे राहिली होती. पहिल्याच दिवशी तिने मला "बाबा" अशी हाक मारली. मी म्हटलं, "बाबा काय? भाऊ म्हण." तिने माझ्या टकलाकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाली, "बरं, बाबा."

शिकताना मी तिच्या मागे पडलो, हे कबूल करतो. मला वाटलं होतं मी शिकवणार आणि ती शिकणार. मॅडमने एकदा दाखवलं: बॅटऱ्या कशा घालायच्या, तारीख-वेळ कशी लावायची, कार्ड कसं बसवायचं, समोरचं हलणारं गवत का कापायचं, उन्हाकडे तोंड का करायचं नाही. त्या बाईने एकदा पाहिलं आणि दुसऱ्यांदा स्वतः केलं. मी मात्र स्पिरिट लेव्हल लावून पट्टा आवळत बसलो अर्धा तास. कॅमेरा असा काही सरळ बसवला की बस! पुढच्या आठवड्यात त्यात एका सागाच्या पानाचे शेकडो फोटो निघाले. पान वाऱ्याने हलत होतं. बाई म्हणाली, "पान मात्र लय सरळ आलंय, बाबा." मला इतका राग आला की मी जेवताना तिच्याशी बोललो नाही. तिने तिची नागलीची भाकर माझ्या डब्यात ठेवली आणि मी ती खाल्ली, पण बोललो नाही.

तिच्यावर काय गुदरलंय ते मला तिसऱ्या खेपेला कळलं, आणि तेही जीपवाल्याच्या तोंडून.

जीपवाला तिशीतला, गुटखा खाणारा, तोंडाचा फाटका पण वाईट नाही. आम्ही चढलो तसा आरशातून बघत म्हणाला, "काय वयनी, भेटला का खवल्या?" सगळी जीप फिसकन हसली. एका बाईने तोंडाला पदर लावला. आमची बाई खिडकीबाहेर बघत राहिली. मला काही कळेना. खवल्या म्हणजे खवल्या मांजर, हे मला मॅडममुळे माहीत झालं होतं. अंगभर खवले असलेला, मुंग्या-वाळवी खाणारा, भित्रा प्राणी, हल्ली कुठे दिसत नाही. पण त्यात हसण्यासारखं काय?

उतरल्यावर मी विचारलं. ती चालता चालता सांगत गेली, माझ्याकडे न बघता.

आदल्या वर्षी शिमग्याच्या आधी ती दिंडोरीहून चार दिवस घरी आली होती, तेव्हा देवराईपलीकडे लाकडं आणायला गेली. परतताना उन्हं कलली. वाटेत एका वारुळाजवळ बिळातून तो प्राणी बाहेर आला. तिच्या आजीने सांगितलेला तिने लहानपणी ऐकला होता, पाहिला कधीच नव्हता. ती मोळी डोक्यावर घेऊन तशीच उभी राहिली, हलली नाही, तो वारूळ उकरून खाऊन निघून जाईपर्यंत. घरी यायला अंधार पडला. दारात सासू, आणि सासूमागे निम्मी आळी. "कुठं होतीस?" सासूने विचारलं. हिने खरं ते सांगितलं. खवल्या बघत उभी होते.

"कुणाला पटंल, बाबा? गावात पंचवीस वरसात कुणी बघितला नाय. आन मीच कशी बघितली, एकटीच, अंधाराची?"

तेव्हापासून गावात तो शब्दच झाला. कुणी बाई उशिरा आली की म्हणायचे, हिलाबी खवल्या भेटला वाटतं. सासू चारचौघीत टोमणे मारायची. नवरा त्या दिवशी दिंडोरीला होता, त्याच्या कानावर हे दुसऱ्यांनीच घातलं. "मारत-बिरत नाय तो," ती म्हणाली, "पण फोन केला की आधी इचारतो, कुठं हायस? आधी कधीच इचारत नव्हता. पोरं कशी हायेत इचारायचा."

मला एवढंच सुचलं, "फोटो काढू आपण त्याचा." ती थांबली. म्हणाली, "म्हणून तर मी द्राक्षाला गेली नाय."

म्हणजे आमच्यासाठी हा एक सर्व्हे होता, आणि तिच्यासाठी तो खवल्या एका संध्याकाळचा साक्षीदार होता. त्या दिवसानंतर मी कुणाशी हरलो-जिंकलोचा हिशोब सोडला आणि कामाला लागलो. माझी अक्कल पणाला लागली होती म्हणा ना.

पण आधी घोळ झाला, आणि तो मी घातला.

कंपनीत आम्हाला 'फाइव्ह एस' नावाचं एक व्रत होतं. जपानी लोकांचं. वस्तू जागेवर, जमीन स्वच्छ, मशीनभोवती कचऱ्याचा कण नको. साहेब पांढरा रुमाल फिरवून बघायचा. तेहेतीस वर्षं शिफ्ट संपवताना मी माझ्या मशीनभोवती झाडून मगच हात धुतले. हात तसे वळणाला पडलेले. जंगलात कॅमेरा लावून झाला की मला चैनच पडेना. समोर पालापाचोळा, काटक्या, गवताचे तुकडे. मी निरगुडीची एक फांदी मोडायचो आणि कॅमेऱ्यासमोरची वाट पार पलीकडच्या दगडापर्यंत लखलखीत झाडून काढायचो. मॅडम आणि बाई पुढच्या कॅमेऱ्याकडे गेलेल्या असायच्या, त्यामुळे कुणी पाहिलं नाही. मला स्वतःचं फार कौतुक वाटायचं.

तीन आठवड्यांनी मॅडमने शाळेच्या ओसरीवर बसून सगळी कार्डं लॅपटॉपमध्ये टाकली. एक फोटो उघडला. मी, पाठमोरा, वाकलेला, हातात फांदी. पुढचा उघडला. मी. दुसऱ्या कॅमेऱ्याचा. मीच. चार कॅमेऱ्यांत मिळून एक ससा, दोन बकऱ्या आणि बाकी सगळीकडे माझं बूड. फोटोतली तारीख-वेळ मात्र बरोबर होती.

"काका," मॅडम म्हणाली, आणि तिचा आवाज आता खरंच चढला होता, "जंगलाला झाडू मारतात का कुणी? प्राणी वासावर चालतात! ताजी उकरलेली जमीन दिसली, माणसाचा वास आला, की ते वाट बदलतात. तीन आठवडे गेले आपले."

घरी फोनवर बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "देवा! लग्नाला छत्तीस वर्षं झाली, घरात कधी केरसुणीला हात लावला नाहीत, आणि रानात जाऊन झाडताय?" मी फोन ठेवून दिला. लाज वाटली, खोटं कशाला बोलू? आपल्या आगाऊपणापायी त्या बाईचे तीन आठवडे वाया गेले, हे मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी आम्ही कॅमेऱ्यांत कार्डं पुन्हा घालायला गेलो. मी सगळ्यांच्या मागे, तोंड पाडून. देवराईच्या कडेच्या कॅमेऱ्याशी पोचलो तशी पुढे असलेली बाई एकदम उकिडवी बसली. बघतो तर मी झाडलेल्या पट्ट्यासमोर ती पीठ चाळल्यासारखी मऊ धूळ निरखत होती.

"बाबा, हितं या. पाय देऊ नका."

धुळीत मध्ये एक रेघ होती, जाड, नागमोडी. रेघेच्या दोन्ही बाजूंना छोटे खोल ठसे, पुढे नखांचे ओरखडे. मॅडम म्हणाली, "साळिंदर असेल, त्याचे काटे असे जमिनीवर ओढले जातात." बाईने मान हलवली. "साळिंदराचं काटं झाडूसारखं ओढतात, बारीक बारीक रेघा. ही एकच हाय, जाड. ही शेपटी हाय. शेपूट टेकवत गेला तो." मॅडम खाली वाकली, रेघेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली आणि म्हणाली, "पाचोळा असता तर हे दिसलंच नसतं."

मी खाकरलो. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही, पण मी खाकरलो.

माग दोन-तीन दिवसांचा होता, म्हणजे कार्ड आत असतानाचा. आता प्रश्न असा की तो कॅमेऱ्यासमोरून गेला होता, बरोबर समोरून, आणि कॅमेऱ्याने फोटो काढला नव्हता. माझ्या नावाचे ढीगभर फोटो काढणाऱ्या त्या डब्याला तो दिसलाच नाही. मॅडम म्हणाली, "माग हा पुरावा नाही होत काका. फोटो हवा. आणि महिन्याभरात कॅमेरे काढायचे आहेत." बाईचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "थांबा. हे माझं काम आहे."

खरंच माझं काम होतं. मशीन चालतं पण एकच पीस सुटून जातो, असं झालं की पीसमध्ये वेगळं काय आहे ते बघायचं, हे मी किती पोरांना शिकवलंय. मी मॅडमला विचारलं, या प्राण्याचं अंग किती गरम असतं? ती म्हणाली, इतरांपेक्षा थंडच, आणि वरून खवल्यांचं चिलखत. झालं की मग! सेन्सर ऊब ओळखतो, आणि याची ऊब बाहेरच येत नाही. त्यात कॅमेरा बांधलाय बिबट्याच्या हिशेबाने, गुडघ्याएवढा उंच, लांबवर बघणारा. खवल्या जातो डोकं खाली घालून, जमिनीलगत. आणि आम्ही कॅमेरा बरोबर चालतोय का ते तपासायचो कसं? समोरून स्वतः चालून. सेन्सरचा लाल दिवा लागला की म्हणायचो, चांगलं आहे. अरे, माणूस म्हणजे पेटलेली चूल, त्याला बघून दिवा लागणारच!

त्या आठवड्यात मी मित्राच्या वर्कशॉपमध्ये बसून लोखंडी अँगलची एक खुंटी तयार केली. जमिनीत ठोकायची आणि वर कॅमेरा बसवायचा, वीतभर उंचीवर, मागे लाकडी पाचर घालून हवा तसा झुकवायचा. मित्र म्हणाला, "हे काय थडगं रोवतोस का?" मी त्याच्याशी वाद घातला नाही. माझ्या आयुष्यात मी इतक्या मन लावून इतकी साधी वस्तू केली नव्हती.

बाईने ती हातात घेतली आणि नाकाशी नेली. "तेलाचा वास येतोय." मग तिने ती राखेने घासली, ओढ्यात धुतली, शेण फासलं आणि दोन दिवस गोठ्याच्या भिंतीला उभी करून ठेवली. माझ्या पॉलिश केलेल्या कामावर शेण! एरवी मी आकांडतांडव केलं असतं. पण तिचं बरोबर होतं, आणि ज्याचं बरोबर असेल त्याच्यापुढे मी गप्प बसतो, एवढी शिस्त माझ्यात आहे.

जागा तिने निवडली. रेघ जिकडून येत होती तिकडे, ताज्या उकरलेल्या वारुळाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर. खुंटी ठोकली. आता तपासणी. माझ्या डोक्यात आलं की आपल्याला एक थंड प्राणी हवा. मी पाण्याच्या बाटलीत थर्मासमधलं गरम पाणी आणि ओढ्याचं पाणी मिसळून कोमट केलं, बाटली गोणपाटात गुंडाळली, सुतळी बांधली आणि बाईला म्हटलं, "घे, हा तुझा खवल्या. ओढ." तिने बाटली कॅमेऱ्यासमोरून हळूहळू ओढली. दिवा लागला नाही. खुंटी उपटून जवळ रोवली. नाही लागला. अजून जवळ. पाचर बदलली, सेन्सरची तीव्रता वाढवली. सकाळचे अकरा वाजले, ऊन चढलं, तसं मॅडम म्हणाली की आता जमीनच तापली, सेन्सरला फरक कळणार नाही. मग दुसऱ्या दिवशी पहाट फुटता फुटता आलो आणि पुन्हा सुरू. वाटेपासून दोन हातांवर कॅमेरा आणला आणि बाटली समोरून सरकली, तसा लाल दिवा लागला.

बाई ओरडली, "लागला!" तिने बाटली पुन्हा ओढली. पुन्हा लागला. पाचसहा वेळा ओढली, प्रत्येक वेळी लागला. मॅडम हसत सुटली, म्हणाली, "काका, हे मी माझ्या गाईडला सांगणार." मी म्हटलं, "सांगा, सांगा, आणि सातपूर लिहायला विसरू नका." मी किती खूश होतो ते काय सांगू! टूलरूममध्ये मला दोनदा गौरवपत्र मिळालं, त्या दिवशी मिळालं त्याच्यापुढे ती काहीच नाहीत.

आणि हो, या वेळी मी झाडलं नाही. हात शिवशिवत होते, पण नाही झाडलं.

पहिल्या आठवड्यात मुंगूस आलं. दुसऱ्यात एक जवादी मांजर आणि पुष्कळ उंदीर. जीपमध्ये खवल्याची चौकशी चालूच होती. एकदा जीपवाला मला म्हणाला, "बाबा, खरंच असला तर मला सांगा हां. मागल्या महिन्यात बाहेरचा एक माणूस आलता, बाजारात इचारत होता, खवल्या कुणी दाखवंल का? त्याच्या अंगावरच्या खवल्यांना लय मागणी हाय म्हणे." त्याने ते सहज सांगितलं, त्याच्या मनात काही नव्हतं. मी मॅडमला सांगितलं तशी ती गंभीर झाली. ज्या रानात हा प्राणी आहे असं कळतं तिथला तो फार दिवस राहत नाही, ती म्हणाली. बाई शेजारीच कार्ड बदलत होती. तिनेही ते ऐकलं.

कॅमेरे काढायच्या आदल्या दिवशी आम्ही शेवटचं कार्ड घेऊन शाळेच्या ओसरीवर बसलो. दुपार होती, शाळा सुटलेली. मॅडम एकेक फोटो पुढे सरकवत होती. उंदीर. उंदीर. रिकामी वाट. पुन्हा उंदीर. आणि मग तो.

काळ्या-पांढऱ्या फोटोत, इतका जवळ की खवला खवला मोजता यावा. डोकं जमिनीशी, पुढचे पंजे आत वळलेले. पुढच्या फोटोत तो निम्मा पुढे गेला होता आणि शेपटीची सुरुवात दिसत होती. तिच्यावर काहीतरी चिकटलं होतं. मॅडमने मोठं करून बघितलं. पिल्लू होतं. आईच्या शेपटीला गच्च धरून पालथं पडलेलं, नखाएवढ्या खवल्यांचं पिल्लू.

"तो नाय," बाई म्हणाली. "ती हाय."

मग तिने पदर तोंडाला लावला आणि रडली. आवाज न करता, खूप वेळ. मॅडमही डोळे पुसत होती. माझंही काही वेगळं चाललं नव्हतं, फक्त मी चष्मा पुसतोय असं दाखवलं.

मी उठलोच. "चला," मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता. हा लॅपटॉप घ्या आणि चला हिच्या घरी. आधी सासूला दाखवू, मग आळीला, मग त्या जीपवाल्याला जीप थांबवून दाखवतो. नवऱ्याला मोबाइलवर पाठवा. एकेकाची तोंडं बंद करतो की नाही बघा!" वर्षभर साठलेला तिचा राग माझ्याच अंगात आला होता. मॅडम लॅपटॉपवर हात ठेवून बसून राहिली. तिचा जीव दोन्हीकडे ओढत होता, ते दिसत होतं. शेवटी ती बाईला म्हणाली, "वनखात्याला मी बंद पाकिटातून अहवाल देणार, गावाचं नाव बाहेर येणार नाही. पण तुमचा हक्क आहे यावर. घरच्यांना तरी दाखवूया. फक्त सासूबाई आणि तुमचे मालक."

बाईने डोळे पुसले. फोटोकडे पाहिलं. तिला वेळ लागला, हे मी सांगायलाच हवं, ती काही देवी नव्हती.

"सासू पाण्यावर बोलंल," ती म्हणाली. "पाण्यावरनं ते जीपमधी जाईल. जीपमधनं कुठं जाईल, बाबा?"

मी म्हटलं, "मग नवऱ्याला? त्याला तरी?"

"तो पोटात ठेवंल. पण मला कुणी काय बोललं तर त्याला राहवायचं नाय, बोलून टाकील." तिने फोटोकडे बोट केलं. "नको. तिचं पिल्लू हाय अंगावर."

मी भांडलो तिच्याशी. हो, भांडलो. तुझ्या अब्रूपेक्षा ते जनावर मोठं का, म्हणालो. तिने मला ओरडू दिलं. माझं संपल्यावर म्हणाली, "मला ठाव हाय ना आता. तुमाला ठाव हाय. मॅडमला ठाव हाय. तिघं झालो." आणि मॅडमला म्हणाली, "बंद करा ते."

दुसऱ्या दिवशी कॅमेरे काढले. सगळे पोत्यात भरून आम्ही जीपमध्ये बसलो. तिला तालुक्याच्या दवाखान्यात जायचं होतं, म्हणून तीही होती. जीप नेहमीसारखी ठासून भरलेली. जीपवाल्याने पोतं बघितलं आणि आरशातून म्हणाला, "संपलं का काम? मग वयनी, आला का शेवटी तुझा खवल्या फोटो काढायला?"

सगळ्यांना उत्तर हवं होतं.

"नाय आला," ती म्हणाली. आणि हसली. "कशाचा येतोय? मलाच भास झाला असंल तवा. अंधार होता."

हशा पिकला. जीपवाल्याने स्टेअरिंगवर थाप मारली. समोर बसलेल्या एका म्हाताऱ्याने तिला समजावलं की बाईमाणसाने दिवस मावळायच्या आत घरी यावं, म्हणजे असले भास होत नाहीत. ती "व्हय" म्हणाली. मग जीपवाल्याने मान वळवून मला विचारलं, "खरं का हो बाबा? एकबी नाय?"

माझ्या जिभेवर काय काय आलं होतं! पोत्यात कॅमेरे होते, मॅडमच्या मांडीवर लॅपटॉप होता, बटण दाबायचा अवकाश होता. मी म्हणालो, "उंदीर आले पुष्कळ. खवल्या-बिवल्या काही नाही इथं."

लोक आणखी हसले. मी त्या बाईकडे पाहिलं. माझ्या हाताखाली कितीतरी कारागीर तयार झाले, त्यांतल्या कित्येकांचा मला अभिमान आहे, पण कुणाकडे बघून माझी छाती अशी भरून आली नव्हती. ती त्या म्हाताऱ्याकडे बघून मान डोलवत होती, तो शहाणपणाचंच बोलतोय अशी. जीपने देवराईजवळचं वळण घेतलं, सगळ्यांनी सवयीने त्या बाजूला हात जोडले. तिनेही जोडले, पण मान वळवून तिकडे पाहिलंसुद्धा नाही.